मोजणीत नसलेला ट्रॅक

तडतड पुन्हा झाली. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब उडावेत तशी, आणि तीही नेमकी लांब सुराच्या मधोमध. तिनं व्हायोलिनचा बो खाली घेतला, हेडफोन एका कानावरून मागे सरकवला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या उभ्या पट्टीकडे पाहिलं. संगणकावर किती भार पडलाय ते सांगणारी पट्टी. लालभडक होऊन वरच्या टोकाला टेकली होती, ताप चढलेल्या पाऱ्यासारखी.

"काय होतंय तुला, सांगशील का?" ती संगणकाला म्हणाली.

हल्ली ती बऱ्याच वस्तूंशी बोलायची. लिफ्टच्या दाराशी, दोरीवरच्या लंगोटांशी, न उघडणाऱ्या औषधाच्या झाकणाशी. उत्तर कोणी देत नसे, पण उलटही कोणी बोलत नसे, तेवढाच फायदा.

काम म्हटलं तर थोडंसंच उरलं होतं. नाटकाचा शेवटचा प्रवेश. एक म्हातारी रंगमंचावर एकटी मोठी चादर घडी करते. चादरीला दोन माणसं लागतात. समोरची टोकं धरायला कोणी नाही, म्हणून म्हातारी एक टोक हनुवटीखाली दाबते, दुसरं खुर्चीच्या पाठीला अडकवते, ते निसटतं, ती पुन्हा अडकवते. शब्द एकही नाही. तेवढा वेळ फक्त व्हायोलिन, आणि त्याच्या मागे खोल घुमणारे काही सूर. मागचे सूर तिनं केव्हाच बसवून ठेवले होते. व्हायोलिन राहिलं होतं, आणि ते तिला स्वतःच्या हातानं वाजवायचं होतं.

तालीम आज संध्याकाळी. दिग्दर्शक बाईंनी सकाळीच बोलून निरोप ठेवला होता, मध्येमध्ये खाकरत. "हे बघ, तालमीच्या आधी मला शेवटचा तुकडा हवा. नाही जमला तर मोकळेपणानं सांग. माझ्याकडे एक तयार संगीत पडलंय, ते लावून टाकीन. तू आता घरात अडकलीयस, कळतं मला. राग नाही यायचा मला."

राग नाही यायचा, हीच तर भीती होती. रागावलेली माणसं चार दिवसांनी पुन्हा बोलावतात. समजूतदार माणसं बोलावत नाहीत. मूल झाल्यापासूनचं हे तिचं पहिलं काम, आणि ते मिळावं म्हणून तिनं बाईंना दोनदा आपणहून फोन केला होता. आता तयार संगीत लागलं, की पुढच्या नाटकाला कोणी तिचं नाव घेणार नाही. वाईट बोलणार नाही कोणी. "तिला लहान मूल आहे ना," एवढंच म्हणतील, आणि पुढच्या माणसाचा नंबर शोधतील.

तिनं हेडफोन परत दोन्ही कानांवर घेतला. तडतड थांबली होती. आता आत फक्त टिंबूचा श्वास होता. आत, बाहेर. मध्येच नाकात किंचित शीळ. आत, बाहेर.

टिंबू शेजारच्या खोलीत झोपलं होतं. सोनोग्राफीच्या पहिल्या चित्रात नुसतं टिंबच दिसलं होतं म्हणून हे नाव, आणि बारशाचं नाव ठरूनही तेच चिकटलं. त्याचा बाप समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर कामाला होता. आठवडेच्या आठवडे तिकडे, मग आठवडेच्या आठवडे इकडे, आणि सध्या तिकडे. फोन लागला तर मागे वाऱ्याचा एवढा घोंगाट, की तो "कशी आहेस?" म्हणतोय की "काय करतेस?" हे तिला अंदाजानं ठरवावं लागे. उत्तर दोन्हीला एकच होतं. सासूबाईंचा फोन मात्र स्वच्छ लागायचा. "मूल झोपलं की आपणही झोपावं गं," त्या म्हणायच्या. "हो आई," ती म्हणायची, आणि मूल झोपलं की हेडफोन चढवायची.

झोपलेल्या मुलाच्या खोलीवर कान ठेवणारं एक यंत्र त्यांना भेट आलं होतं. ते तिनं दोन दिवस वापरलं. त्यातून टिंबूचा आवाज डब्यात कोंबल्यासारखा यायचा, आणि उशिरा. श्वास संपून गेल्यावर ऐकू यायचा. तिच्या कानांना ते सोसेना. यंत्र कपाटात गेलं, आणि तिनं आपला चांगला माइक, गाणाऱ्यांसाठी हौसेनं घेतलेला, पाळण्यावरच्या फळीवर नेऊन बसवला. त्याची तार दाराच्या फटीतून टेबलापर्यंत आणली. काम करता करता टिंबू कानात असे. ती व्हायोलिन वाजवायची ती जुन्या, दुय्यम माइकसमोर. चांगला माइक तिकडे होता म्हणून. यात कुणाला काही चुकीचं वाटलं असतं तर सांगणारंही कोणी नव्हतं.

तिनं खुंटीला फोन लावला.

खुंटी हा कॉलेजातला मित्र. इतका लांबलचक आणि सदा भिंतीला टेकून उभा, की एकदा कुणीतरी खरोखरच त्याच्या खांद्यावर पिशवी अडकवून निघून गेलं. आता तो दुसऱ्या शहरात चित्रपटांचे आवाज साफ करायचा. अण्णा, म्हणजे त्याचे वडील, गेले तेव्हापासून घरूनच.

"बोल मास्तर." कॉलेजात ती सगळ्यांचे सूर दुरुस्त करायची, एकदा तर सरांचाही. तेव्हापासूनची ही पदवी.

"संगणक तडतडतोय."

"अभिनंदन. मला वाटलं, पोराला दात आले म्हणून फोन केलास."

"तेही आलेत. दोन. आता ऐक, माझ्याकडे वेळ नाहीये. टिंबू उठायच्या आत मला एक टेक घ्यायचाय, संध्याकाळी द्यायचाय, आणि प्रत्येक टेकमध्ये तडतड रेकॉर्ड होतेय. पट्टी सारखी लाल."

"बफर वाढवलास?"

बफर म्हणजे आलेला आवाज पुढे पाठवण्याआधी संगणकाला दिलेली उसंत. ती वाढवली की त्याची धावपळ कमी होते, पण कानात आवाज उशिरा पोचतो. "वाढवला. मग माझंच व्हायोलिन मला मागाहून ऐकू येतं, हात अडखळतो. आणि तडतड कमी झाली, गेली नाही."

"बाकी काय काय उघडं आहे?"

"काहीच नाही. ब्राउझर बंद, सगळं बंद. चार्जर लावलेला आहे, वीज वाचवायचा प्रकार बंद आहे. गरम होत असेल म्हणून दुधाच्या बाटल्या वाळवायच्या जाळीवर ठेवलाय त्याला. खालून हवा लागते."

"बाटल्या कुठे मग?"

"खुंटी."

"बरं, बरं. ट्रॅक गोठवलेस?" गोठवलेला ट्रॅक संगणकाला दर वेळी नव्यानं तयार करावा लागत नाही.

"त्याच्याही पुढे गेले. मागचे सगळे सूर एकत्र करून एकच फाइल केली. नवाकोरा प्रोजेक्ट उघडला. त्यात ती एक फाइल आणि माझं व्हायोलिन. बस. तरी लाल."

 पलीकडे खुर्ची करकरली. "दोन ट्रॅकला लाल?"

"दोन ट्रॅकला."

"मग भूत आहे."

"मदत कर ना रे."

"करतोय. लाइव्ह काय काय चालू आहे? माइक किती?"

"व्हायोलिनचा."

"एकच?"

"एकच," ती म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. घरात दिवे किती लावलेत असं कुणी विचारलं, तर खिडकीतला उजेड कुणी मोजत नाही.

"कधीपासून होतंय?"

तिनं आठवून पाहिलं. "मागच्या आठवड्यात टिंबूला सर्दी झाली होती, त्याच्यानंतर."

"संगणकाला लागली असेल. प्रोजेक्ट पाठव मला."

तिनं पाठवला. फाइल जाईपर्यंत दोघंही फोनवरच राहिले. एका कानावर फोन, दुसऱ्या कानावर हेडफोन. एकीकडे खुंटीच्या घरातली शांतता, दुसरीकडे टिंबूचा श्वास. ती नखानं टेबलावरचा सुकलेला दुधाचा डाग खरवडत बसली. खालच्या रस्त्यावर एक ट्रक मागे मागे येत होता आणि त्याचा इशारा अर्ध्या स्वरानं बेसूर होता. टिंबू उठलं नाही. देव पावला.

"माझ्याकडे लोण्यासारखं चालतंय," खुंटी म्हणाला. "हिरवं. जागचं हलत नाही. सुंदर बांधलंयस गं हे, मागचे सूर."

त्यानं मुद्दाम चांगलं काही सांगितलं होतं, पण तिला रडू आलं. म्हणजे फाइलमध्ये काही नव्हतं. दोष होता तो या घरात, या टेबलावर, या जाळीवरच्या यंत्रात, किंवा मग तिच्यात. डॉक्टरांकडे नेलं की मूल हसतंखेळतं होतं आणि घरी आणलं की खोकतं, तसं. "तुम्ही काळजी जरा जास्त करता," डॉक्टर म्हणाले होते. ते खरं होतं. पण खोकलाही खरा होता.

"सांगून टाकते मी बाईंना," ती म्हणाली. "लावू दे त्यांना तयार तुकडा."

"थांब. रडायच्या आधी मला एक मिनिट दे. उघडताना एक पाटी आली होती, मी न वाचताच पुढे गेलो. परत उघडतो." किबोर्डचे आवाज. "हं. म्हणतंय, या प्रोजेक्टमधली काही प्लगइन तुमच्याकडे नाहीत. आवाजातली घरघर काढणारं एक. तेच पुन्हा एकदा. बारीक आवाज मोठा करणारं एक. आणखी एक घरघरवालं, भलतंच जड, मी एकदा लावून पाहिलं होतं, एकट्या त्यानंच मशीनचा पंखा फिरायला लागला, काढून टाकलं. मास्तर, दोन ट्रॅकच्या प्रोजेक्टमध्ये ही जत्रा कशावर भरवलीयस?"

"मी तर व्हायोलिनवर काहीच लावलं नाहीये."

"व्हायोलिनवर नाहीच. खाली एक लपवलेला ट्रॅक आहे. नाव नाही. दुसऱ्या इनपुटला जोडलेला, सतत चालू. नवा प्रोजेक्ट तू तुझ्या नेहमीच्या साच्यातून उघडलास ना? साच्यातूनच आलाय हा. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असणार. हा कोणाचा ट्रॅक?"

"तो ट्रॅक नाहीये," ती म्हणाली.

"दिसतोय ना मला."

"तो ट्रॅक नाहीये, खुंटी. ते टिंबू झोपलंय."

तो हसेल अशी तिनं तयारी ठेवली होती. तो हसला नाही.

तिनं लपवलेला ट्रॅक उघडला. कितीतरी दिवसांनी. एकाखाली एक प्लगइनची, आवाजावर काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, माळ. पहिलं आवाज साफ करणारं तिनं लावलं होतं ते पंख्यासाठी, कारण पंख्याच्या घरघरीत श्वास बुडायचा. मग कुठंतरी तिनं वाचलं, की लहान मुलांचा श्वास झोपेत क्षणभर थांबतो आणि तसं थांबणं बहुतेक वेळा साधंच असतं. त्या 'बहुतेक' शब्दासाठी दुसरं. मग टिंबू पालथं झोपायला शिकलं, तोंड गादीत, आवाज बारीक. त्यासाठी मोठं करणारं. मग वरच्या मजल्यावर कुणीतरी रोज खुर्च्या ओढायला लागलं, त्यासाठी आणखी काहीतरी. आणि मागच्या आठवड्यात सर्दी, छातीतली घुरघुर. ती नेमकी कशी आहे हे तासन्‌तास ऐकायचं होतं, म्हणून ते जड, महाग, सगळ्यात नवं. प्रत्येक भीतीला एक प्लगइन. काढलं एकही नव्हतं. सर्दी गेली, तिचं प्लगइन राहिलं.

आणि हे सगळं दिवसभर, क्षणाक्षणाला, विश्रांती न घेता तो बिचारा संगणक करत होता. तिनं त्याला जाळीवर ठेवलं होतं, वारा घातला होता, बोल लावले होते.

"एवढ्यानंच," खुंटी म्हणाला. "तो ट्रॅक बंद कर. तडतड गेलीच म्हणून समज."

"हं."

"कर ना."

बोट माउसवर होतं. "मला चालू ठेवून नाही का करता येणार काही? थोडी कमी करते प्लगइन."

"तुझ्याकडे वेळ किती आहे?"

वेळ नव्हताच. श्वासातली शीळ थोडी वर चढली होती. झोप पातळ व्हायला लागली की ती चढायची. दार उघडं ठेवून वाजवावं, तर व्हायोलिननं टिंबू उठणार. दार लावून ट्रॅक बंद करावा, तर मधली भिंत नुसती भिंत होणार. चादरीचा प्रवेश फार मोठा नव्हता. लोक एवढ्या वेळात खाली जाऊन भाजी आणतात. तिला हे सगळं कळत होतं. कळण्यानं बोट दाबलं जात नव्हतं एवढंच.

"मास्तर," खुंटी म्हणाला, "असं कर. फोन टिंबूच्या खोलीत नेऊन ठेव. मी ऐकत बसतो. तू वाजव."

"तू?"

"मी दिवसभर काय करतो? लोकांचे श्वासच ऐकतो. नट वाक्याच्या आधी केवढा श्वास घेतात, तुला कल्पना नाही. घोड्यासारखे. ते कापून कापून माझं आयुष्य चाललंय. एक न कापता ऐकतो."

"आणि काही झालं तर?"

"तर तुझ्या स्क्रीनवर निरोप टाकीन. एका ओळीनं काही जीव नाही जायचा संगणकाचा. काही झालं तरच टाकीन. नाही दिसला, तर सगळं ठीक."

तिनं फोनचा आवाज अगदी बारीक केला आणि नुसत्या मोज्यांवर शेजारच्या खोलीत गेली. टिंबू पालथं, एक गाल चेपलेला, एका मुठीत पाळण्याचा दांडा धरलेला, बसमध्ये उभं राहिल्यासारखा. तिनं फोन फळीवर, माइकच्या शेजारी ठेवला. "आहेस?" तिनं ओठांनीच विचारलं, आणि त्याला ते दिसणार नाही हे आठवून फोनवर बोटानं एक टिचकी मारली. पलीकडून एक टिचकी आली.

दार लावलं. खुर्चीत बसली. ट्रॅक बंद केला.

पट्टी खाली आली ती धाडकन. लाल गेलं, पिवळं गेलं, तळाशी हिरवी रेघ उरली, हिवाळ्यातल्या विहिरीसारखी शांत. आणि हेडफोनमध्ये काहीही नव्हतं.

याची तिला सवय नव्हती. किती महिने, घरात असताना तिच्या कानात कुणीतरी श्वास घेत होतं. भांडी घासताना, बाईंचे निरोप ऐकताना, एकटीनं जेवताना. ती समजत होती की आपण लक्ष ठेवतोय. आता ते गेलं तेव्हा खोली एकदम मोठी झाली. टेबल, खुर्ची, वाळत टाकलेला टॉवेल, आणि त्यांच्यामध्ये ती. घरात दुसरं कोणी नाही हे तिला माहीत होतं. ऐकू आज आलं.

तिनं व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. तेव्हा तिला म्हातारी आठवली, चादरीचं टोक तिथंच दाबणारी. तालमीत ते काम करणाऱ्या नटीबाई खुर्चीला टोक अडकवताना खुर्चीकडे पाहतात ते कसं, हे तिला एकदम कळलं. खुर्ची कुणीतरी आहे अशा पाहतात.

रेकॉर्ड दाबलं आणि ती मागे, माइकसमोर जाऊन उभी राहिली. मागचे सूर आले. ती वाजवू लागली.

पहिली ओळ स्वच्छ गेली. दुसऱ्या ओळीतला लांब सूर तिनं धरला, तोच, ज्याच्यावर सकाळपासून तडतड होत होती, आणि तो काचेसारखा पुढे पुढे जात राहिला. तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात निरोपाचा चौकोन उगवला.

बो थरथरला. काही झालं तरच टाकीन, म्हणाला होता. अक्षरं बारीक होती, ती टेबलापासून दूर उभी होती, दाराकडे दोन पावलं होती. सूर थांबवला तर टेक गेला. टिंबू एकदा उठलं की आजचा दिवस संपला. तिचा एक पाय दाराकडे वळलाही. पण हात सुटला नाही. का, ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. तोच सूर लांबवत, बो अगदी शेवटच्या टोकापर्यंत ताणत, ती मानेनं पुढे वाकली आणि वाचलं.

"कूस बदलली. झोपलंय. थांबू नकोस."

"गाढवा," ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, आणि तिसऱ्या ओळीत शिरली.

टेक संपला तेव्हा तिची पाठ घामानं भिजली होती. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. तडतड कुठेही नव्हती. दुसऱ्या ओळीत लांब सूर जिथं थरथरला, तिथं थरथर होती, आणि तो ठरवलेल्यापेक्षा लांबला होता. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. तिनं फाइल तयार केली आणि बाईंना पाठवली. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली. शाब्बास म्हणायला घरात कोणी नव्हतं. तिनं संगणकाच्या पाठीवर थोपटलं.

थोड्या वेळानं बाईंचं उत्तर आलं, लिहिलेलं. "मिळालं. दुसरी ओळ फार लांब आहे. कापू का?"

तिनं लिहिलं, "त्या ठिकाणी चादर खुर्चीवरून निसटते." मग ते खोडलं. नुसतं लिहिलं, "नका कापू. आजींना सावकाश घडी घालू द्या."

बाई लिहिताहेत, थांबल्यात, लिहिताहेत. ती नखं खात बघत राहिली. मग आलं. "बरं. लांबच ठेवते. पहिल्या प्रवेशात थोडं वाढवायचंय, उद्या त्याचंही बोलू. दुपारी फोन करू ना? झोपतं ना दुपारी?"

तिनं ते दोनदा वाचलं. नवऱ्याला कळवावं म्हणून हात फोनकडे गेला, आणि फोन टिंबूजवळ आहे हे आठवलं.

खोलीत टिंबू आता उताणं होतं, हात दोन्हीकडे फेकलेले. तिनं फोन उचलून कानाला लावला. कॉल चालूच होता. काही ऐकू येईना. खुंटी झोपला की काय?

"आहेस?" ती कुजबुजली.

"शू," खुंटी म्हणाला. "हळू बोल."

"झालं. घेतलं त्यांनी."

"झालं ते माहितीये. भिंतीतून ऐकलं मी. दुसऱ्या ओळीत घोळ घातलास."

"तू घातलास! काही झालं तरच निरोप, म्हणाला होतास."

"अगं, कूस बदलली म्हणजे काहीतरी झालंच की. मी घाबरलो. एवढं धडपडतात का ही?"

तिला हसू फुटलं, ते तिनं हाताच्या पंजात दाबलं. बऱ्याच दिवसांत कुणी तिच्याइतकं घाबरलेलं तिला भेटलं नव्हतं.

"ठेवते मग," ती म्हणाली. "तुझं काम राहिलं असेल."

"हो. आहे ना. एक घोडा कापायचाय." मग म्हणाला, "मास्तर, घाईत नसलीस तर फोन राहू दे ना तिथंच. उठेपर्यंत. अण्णा शेजारच्या खोलीत घोरायचे तेव्हा मी भिंतीवर बुक्क्या मारायचो. आता…" पलीकडे खुर्ची पुन्हा करकरली. "म्हणजे, तुला चालत असेल तर."

तिनं फोन परत फळीवर ठेवला, माइकच्या शेजारी. आवाजाचं बटण दोनदा दाबून किंचित वाढवलं. टिचकी मारली. टिचकी आली.

टेबलाशी येऊन तिनं नाव नसलेला ट्रॅक पुन्हा चालू केला आणि माळ काढायला घेतली. आधी सर्दीचं. मग खुर्च्यांचं. मग पालथं झोपण्याचं. 'बहुतेक'साठी लावलेल्यापाशी ती बराच वेळ अडली. माउस सोडला, टेबलावरचा उरलेला डाग ओल्या बोटानं पुसला, परत आली आणि तेही काढलं. पंख्याचं शेवटी. पट्टी हिरवीच राहिली.

आता कानात खोली जशी होती तशी आली. पंख्याची घरघर, जवळजवळ तेवढीच. तिच्या खाली कुठंतरी टिंबू असणार. तिनं डोळे मिटले, हेडफोन दोन्ही हातांनी दाबला. घरघर. घरघर. मग एक श्वास, बारीक, पंख्याच्या पात्यांमधून निसटून आलेला. पुढचा ऐकू आला नाही. त्याच्या पुढचा आला.

आणि मग पंख्याच्याही पलीकडे, फोनमधून माइकमध्ये आणि माइकमधून तिच्या कानात, दुसऱ्या शहरातल्या एका घरात कुणीतरी अगदी जपून, आवाज होऊ न देता, कप बशीत ठेवला.